साठ परवाने, चौऱ्याण्णव नावे

मी एक जुना सर्व्हर आहे, पण दिसायला बुटांच्या मोठ्या खोक्यासारखा. त्यामुळे माझ्या डोक्यावर आयुष्यभर कोणी ना कोणी काही ना काही ठेवत आले. कधी कॉफीचा मग, कधी ओले हातमोजे, आणि एका नाताळात तर सलग तीन आठवडे कागदी ताऱ्यांची पिशवी. मित्रांनो, त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट एवढेच वाटते की तेरा वर्षे मी तिथे बसून नेमके काय करत होतो, हे मग ठेवणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आले नसते.

तेव्हा आधी तेच सांगतो.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. पत्र्याची पेटी, आत मेंदू, मेंदूला वारा घालायला दोन पंखे आणि झाकणाला चार स्क्रू. त्यांतला एक स्क्रू पहिल्याच दिवशी हरवला. मग मला खोक्यात बंद करून नोरविगला आणले. नोरविग म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवर वसलेले आमचे गाव. मधे एक पूल, जो जहाज आले की वर उचलला जातो आणि मग दोन्हीकडची माणसे गाड्या बंद करून मुकाट्याने समोर बघत बसतात.

या गावात ‘नोरविग गृहसेवा’ नावाची संस्था आहे. तिच्या जुन्या इमारतीत चादरी आणि टॉवेल ठेवायची एक खोली होती. टॉवेल गेले, फळ्या राहिल्या, आणि मधल्या फळीवर मला बसवले. भिंतीपलीकडे कॉफीची खोली होती. भिंत इतकी पातळ की पलीकडे कोणी केकचा दुसरा तुकडा घेतला तरी मला कळायचे. या गोष्टीतले पुष्कळसे मी असे भिंतीतूनच ऐकले आहे, आणि उरलेले गुनवोरबाईंकडून.

गुनवोर टोफ्ट या संस्थेच्या एकट्या संगणकवाल्या बाई. ठेंगण्या, राखाडी केसांच्या, चष्मा कपाळावर आणि तोच चष्मा शोधणारे हात खिशात. दुपारी त्या डबा घेऊन माझ्या खोलीत यायच्या, कारण उन्हाळ्यात तेवढी एकच खोली थंड असायची. काळ्या पावावर यकृताची चटणी फासून खाता खाता त्या मला सगळे सांगायच्या. उत्तराची अपेक्षा नसायची. माझ्यासारखा श्रोता त्यांना घरीही नव्हता, असे त्या म्हणत.

आता माझे काम. संस्थेचे लोक रोज सकाळी सायकलींवरून आणि छोट्या गाड्यांतून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातात. कोणाच्या पायांत ते घट्ट औषधी मोजे चढवायचे, कोणाला सुई टोचायची, कोणाच्या डोळ्यांत थेंब घालायचे. कोणाकडे किती वाजता जायचे याची यादी एका मोठ्या सर्व्हरवर असते. तो माझ्या शेजारच्याच फळीवर होता. त्याला मी थोरला म्हणतो. सेवक मंडळी घरातून, गाडीतून, जिथे असतील तिथून थोरल्याशी जोडली जातात आणि त्यांना ऑफिसातले आपले टेबल समोर मांडल्यासारखे दिसते. पण थोरला कोणालाही असा आत घेत नाही. तो विचारतो, “परवाना आहे का?” आणि तो परवाना मी देतो.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, यंत्राच्या नव्हे. म्हणजे एखादी बाई फोनवरून आली, टॅबलेटवरून आली किंवा सासूच्या जुनाट संगणकावरून आली, तरी तिला एकच परवाना पुरतो. मात्र दोघींनी मिळून एक वापरायचा नाही. एकदा दिलेला परवाना साठ दिवस चालतो, तोवर मलाही तो परत घेता येत नाही. साठ दिवस झाले की ज्याचे खाते उघडे आहे त्याला मी तो पुन्हा देतो, आणि खाते बंद केले तरी त्यानंतर साठ दिवस नाव यादीत राहते. संस्थेने असे साठ परवाने विकत घेऊन माझ्या पोटात ठेवले होते.

आणि आता माझे दुखणे सांगतो. माझ्या हातात काठी नव्हती. एकसष्टावा माणूस दारात आला तरी मी त्याला ‘नाही’ म्हणू शकत नव्हतो. ज्यांनी मला घडवले त्यांनी ठरवले होते की माणसांचे परवाने भरवशावर चालतील. मी आपला देत राहायचे आणि माझ्या यादीत तांबड्या अक्षरांत लिहायचे की साठांतले एकसष्ट गेले. ती यादी उघडून वाचणे हे माणसांचे काम.

पहिली चार वर्षे गुनवोरबाई ती यादी दर महिन्याला वाचत. तेव्हा माझे कौतुकही व्हायचे. “हा बघ, कधी कुरकुर नाही, कधी रुसवा नाही,” असे त्या थोरल्याला ऐकवायच्या. थोरला आठवड्यातून एकदा रुसायचा. पण पुढे माणसे वाढली, टॅबलेट आले, आणि सत्तर जणांचे विसरलेले पासवर्ड एकट्या गुनवोरबाईंच्या गळ्यात पडले. कुरकुर न करणाऱ्याकडे कोण बघतो? माझी यादी उघडायची राहिली ती राहिलीच. एक नाही, दोन नाही, आठ वर्षे. माझी अक्षरे तांबडी होत गेली आणि वरच्या झाकणावर कॉफीचे मग येत गेले.

मग एके दिवशी पत्र आले. परवाने विकणाऱ्या कंपनीचे. भाषा अतिशय गोड होती. त्यांच्या तपासनीस श्रीमती विबेके राउन सहा आठवड्यांनी भेटीला येतील आणि किती परवाने वापरात आहेत ते आनंदाने पाहतील, असे त्यात लिहिले होते.

गुनवोरबाईंनी आठ वर्षांनी माझी यादी उघडली. साठ परवाने आणि चौऱ्याण्णव नावे. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला. माझ्यावरच ठेवला.

नोकरीवर होती सत्तर माणसे. वरची चोवीस कोण? गुनवोरबाई एकेक नाव वाचू लागल्या. लिस्बेत क्विस्त, लिस्बेत दाम आणि लिस्बेत स्टोरगोर या तीन बायका निघाल्या एकच. ही लिस्बेत पंधरा वर्षांची जुनी सेविका. तिने मधल्या काळात दोन लग्ने केली होती आणि जुन्या नावांचे पासवर्ड जास्त चांगले पाठ आहेत म्हणून तिन्ही नावांनी ती आत यायची. ‘चाचणी’, ‘चाचणी दोन’ आणि ‘चाचणी नवी खरी’ ही तर कोणी माणसेच नव्हती. एक पाद्री होते, ज्यांनी एकदा येऊन तीर्थयात्रेची छायाचित्रे दाखवली होती. ‘नाताळजेवण’ नावाच्या एका इसमालाही परवाना होता, आणि तो दर डिसेंबरात नेमाने यायचा. बाकीची नोकरी सोडून गेलेली माणसे. त्यांत एक नाव होते एयनार बिसगोर.

एयनारआजोबा पूर्वी संस्थेचे नियोजक होते. कोणी कोणाकडे कधी जायचे, हे ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर ठरवत. आठ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. निरोपाला त्यांना मासे पकडायची काठी दिली होती, आणि त्यांना तर होडीत पाय ठेवला की मळमळते. जाताना त्यांचे खाते बंद करायचे राहून गेले. गुनवोरबाईंना वाटले ऑफिसने केले, ऑफिसला वाटले गुनवोरबाईंनी केले.

त्या गुरुवारी दुपारी गुनवोरबाईंनी चोवीस नावे एकापाठोपाठ एक बंद केली. पाद्री गेले, चाचण्या गेल्या, ‘नाताळजेवण’ गेले. एयनारआजोबांच्या नावाशी त्या क्षणभर थांबल्या. “बिचारा,” असे म्हणाल्या आणि तेही बंद केले. त्यांच्या नावासमोर मी शेवटची वेळ लिहिली होती, ती त्यांनी पाहिली नाही. ती होती त्याच दिवशीची सकाळ, साडेपाच.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. विचारले तर सांगता येते. त्या आठ वर्षांत एयनारआजोबांचा परवाना मी अठ्ठेचाळीस वेळा नवा करून दिला होता. पण मला कोणी विचारलेच नाही.

शुक्रवार उजाडला.

आता संस्थेचे संचालक आस्गर मोलगोर यांच्याबद्दल सांगायला हवे. उंच, उत्साही माणूस. सायकलची टोपी डोक्यावर ठेवूनच बैठकीला बसायचे. ते सात वर्षांपूर्वी आले, म्हणजे एयनारआजोबा निवृत्त झाल्यानंतर. आजोबांबरोबरच कार्डे जाऊन नियोजनाचा नवा प्रोग्रॅम आला होता आणि आस्गर यांचा त्या प्रोग्रॅमवर फार जीव. तो फेऱ्या इतक्या शहाणपणाने आखायचा की दुसऱ्या गावचे लोक बघायला येत. रोजच्या यादीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असे: ‘सुधारणा: ईबीआय, सकाळी साडेपाच.’ आस्गर यांनी ठरवून टाकले होते की ईबीआय हा त्या प्रोग्रॅमचा बुद्धिमान भाग आहे. त्यावर त्यांनी नऊ गावांत भाषणे दिली. त्या तीन अक्षरांचा लांबलचक अर्थही ते सांगत, प्रत्येक भाषणात थोडा वेगळा.

शुक्रवारी सकाळी यादीच्या कोपऱ्यात काहीच नव्हते. प्रोग्रॅमने जे आखले तेच सर्वांच्या हाती पडले.

पूल दर मंगळवारी आणि शुक्रवारी आठ वाजून पाच मिनिटांनी खडीच्या जहाजासाठी उचलतात. हे प्रोग्रॅमला माहीत नव्हते. त्याने आमच्या तीन गाड्या नेमक्या आठच्या सुमाराला पुलावर धाडल्या. कप्तान नावाचा एक कुत्रा आहे, तो सायकलवरून आलेल्याला चावतो आणि गाडीतून आलेल्याचा हात चाटतो. त्याच्याकडे सायकलवाली गेली. फ्योर्डवेज रस्त्यावर दोन बहिणी राहतात, एकाच घराच्या दोन अर्ध्या भागांत, आणि आईच्या चांदीच्या चमच्यांवरून तीस वर्षे एकमेकींशी बोललेल्या नाहीत. प्रोग्रॅमने एकच पत्ता पाहिला आणि दोघींची भेट एकत्र करून टाकली. सेविकेने दोघींना एका टेबलाशी बसवून मोजे चढवले. त्या दोघी वीस मिनिटे दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होत्या म्हणे.

हे सगळे भिंतीपलीकडे फोनवर येत होते आणि कॉफीच्या खोलीत लोक हसत होते. सव्वानऊला आलेल्या फोननंतर मात्र कोणी हसले नाही.

आगदा लुंड या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाई पूर्वेच्या काठावर एकट्या राहतात. त्यांना मधुमेह आहे. सकाळची सुई आठच्या आत, आणि सुई टोचल्याशिवाय खायचे नाही. त्यांची परिचारिका सोल्वाय स्कोव पश्चिमेच्या काठावर गाडीत बसून होती, समोर पूल आकाशात. जहाज जाऊन पूल खाली आला तर पुढच्या दोन गाड्यांपैकी एक सुरू होईना. सोल्वाय पोहोचली तेव्हा टेबलावर लापशी निवली होती आणि आगदाबाई जमिनीवर होत्या. फोन घ्यायला उठताना भोवळ येऊन पडल्या होत्या. मनगट सुजले होते. सोल्वायला पाहून त्या एवढेच म्हणाल्या की मी काही खाल्लेले नाही, हो.

आस्गर यांनी लगेच प्रोग्रॅमवाल्या कंपनीला फोन लावला. फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आला.

“तुमचं ईबीआय आज चाललं नाही,” आस्गर म्हणाले. “एक बाई पडली आमची.”

“आमचं काय चाललं नाही?”

“ईबीआय. रोज साडेपाचला दुरुस्त्या करतं ते.”

“आमच्या प्रोग्रॅममध्ये असं काही नाहीये.”

“आठ वर्षं आहे. मी त्याच्यावर भाषणं दिलीत.”

“हो, ती ऐकली आम्ही. छान होती. आम्हाला वाटलं, तुमच्यातल्याच कुणाची तरी अक्षरं असतील.”

आमच्या संस्थेत प्रत्येकाला नावाच्या तीन रोमन अक्षरांनी ओळखतात, एक नावाचे आणि दोन आडनावाची. गुनवोर टोफ्ट म्हणजे जीटीओ. आस्गर मोलगोर म्हणजे एएमओ. भिंतीपलीकडे लिस्बेत, तीच तीन नावांची, म्हणाली, “ईबीआय म्हणजे एयनार ना? मला वाटलं, त्याला ठेवून घेतलंय.”

“आणि हे तू आठ वर्षांत कुणाला बोलली नाहीस?” आस्गर यांनी विचारले.

“मला वाटलं, सगळ्यांना माहितीये.”

गुनवोरबाई माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतले. कालची बंद केलेली नावे उघडली आणि बोट ठेवून खाली आल्या. या खेपेला त्यांनी शेवटची वेळ वाचली. मग त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला, कॉफीचा मग नव्हे, नुसता हात, आणि पुष्कळ वेळ तसाच राहू दिला. नंतर कोट घेऊन निघाल्या.

पुढचे त्यांनी मला सोमवारी सांगितले, ते असे.

एयनारआजोबा पूर्वेच्या काठावर राहतात. गुनवोरबाई पुलाशी पोहोचल्या आणि खडीचे जहाज परत निघाले होते, म्हणून पूल पुन्हा वर. त्यांनी गाडी बंद करून पलीकडे पाहिले, तर समोरच्या काठावर एक हडकुळा म्हातारा चांगला कोट घालून, हातात बेकरीची पिशवी घेऊन सायकलपाशी उभा. एयनारआजोबा. ते गुन्हा कबूल करायला ऑफिसात निघाले होते. दालचिनीचे पाव घेतले होते, कारण रिकाम्या हाताने जायला बरे वाटेना.

गुनवोरबाईंनी फोन लावला. पलीकडे म्हाताऱ्याने खिसे चाचपले.

“एयनार, मी गुनवोर. समोर बघ.”

आजोबांनी पिशवी वर करून दाखवली.

“तुझं नाव मी बंद केलं काल,” गुनवोरबाई म्हणाल्या.

“बरोबर केलंस. सकाळी पडद्यावर आलं, प्रवेश नाही. मी म्हटलं, संपलं. आता पोलीसच येणार.”

“रोज करत होतास?”

“रविवारी नाही. रविवारी मुलगी जेवायला येते.” मग त्यांनी सांगितले की निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने पाचला जाग आली, पासवर्ड चालतो का ते सहज पाहिले, तर चालला. आणि यादीत पाहतात तो एका मुलीला आठ वाजता पुलावर पाठवलेले. एकच ओळ वर सरकवली. दुसऱ्या दिवशी दोन सरकवल्या.

“एयनार, आगदा पडली आज.”

पलीकडे आजोबांच्या हातातली पिशवी खाली आली.

“तिच्याकडे सात चाळीसला पोचायला लागतं,” आजोबा म्हणाले. “मंगळवारी आणि शुक्रवारी.”

“हे तू कुठे लिहून ठेवलं होतंस?”

“लिहायचं कशाला? मी होतोच की.”

जहाज गेले. पूल खाली आला. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले तरी दोघांपैकी कोणी लवकर हलले नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग आजोबांना हार घातले असतील. तसे झाले नाही आणि व्हायलाही नको होते. कारण निवृत्त माणसाने लोकांच्या आजारपणाचे कागद रोज उघडून पाहणे कायद्यात बसत नाही, मन कितीही चांगले असो. गुनवोरबाईंनी आपली चूक आणि आजोबांची चूक, दोन्ही लिहून वरच्या कार्यालयाला कळवल्या. ज्यांच्या याद्या पाहिल्या गेल्या त्या प्रत्येक घरी क्षमापत्र गेले. क्नूड ओव्हरबी नावाचे जुने जहाजी इंजिनिअर फार चिडले. माझ्या मोज्यांची बातमी ही माझी आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले, आणि आस्गर त्यांच्या घरी जाऊन टोपी काढून माफी मागून आले. आगदाबाईंनी पत्राच्या पाठीमागेच डाव्या हाताने उत्तर लिहून धाडले: मग आता तो पुन्हा कधी वाचायला लागणार आहे?

आस्गर यांचे पुढच्याच आठवड्यात दहाव्या गावी भाषण होते. ते रद्द करतील असे सर्वांना वाटले. पण ते गेले. व्यासपीठावर उभे राहून त्यांनी सांगितले की ईबीआय चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, विधुर आहे आणि त्याला होडी लागते. लोक खूप हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग आस्गर यांना पाऊण तास सगळे पहिल्यापासून सांगावे लागले.

आणि एयनारआजोबांना पुन्हा कामावर घेतले. रीतसर, सही करून, रोज सकाळी दोन तास, आणि एका अटीवर: ओळी सरकवायच्या नाहीत. सोल्वाय शेजारी बसणार, आजोबा सांगणार आणि ती प्रोग्रॅममध्ये लिहिणार. तेव्हा मी त्यांच्या नावाचा परवाना पुन्हा दिला. या वेळी यादीत त्यांच्या नावाला हक्काची जागा होती. मला, का कोण जाणे, पंख्यांत जरा जास्त वारा भरल्यासारखे झाले.

मग ठरल्या दिवशी विबेके राउन आल्या. करड्या कोटातल्या, कमी बोलणाऱ्या बाई. गुनवोरबाईंनी नावे केव्हाच बंद केली होती, पण मघाशी सांगितले ना, खाते बंद केले तरी नाव साठ दिवस यादीत राहते. त्यामुळे माझ्या यादीत चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव नावे तशीच तांबडी दिसत होती. गुनवोरबाईंचे कान त्याहून तांबडे झाले होते. पण त्यांनी काही लपवले नाही. एकेका नावापुढे कोण, कधी गेले, का राहिले, हे सगळे सांगितले. विबेकेबाई खुणा करत गेल्या. लिस्बेतच्या तीन नावांना त्यांनी मान डोलावली. असे त्यांनी इतर ठिकाणीही पाहिले होते. ‘नाताळजेवण’ याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. शेवटी एयनारआजोबांपाशी आल्या.

“हा बंद केला आणि दहा दिवसांनी परत दिला. का?”

गुनवोरबाईंनी सगळे सांगितले. पूल, कुत्रा, बहिणी, आगदाबाई. विबेकेबाईंनी पेन खाली ठेवले.

“वीस वर्षं मी हे काम करतेय,” त्या म्हणाल्या. “माणूस म्हणून नोंदलेलं यंत्र पुष्कळदा सापडतं. यंत्र समजलेला माणूस पहिल्यांदा सापडला.”

मग त्यांनी खऱ्या माणसांपुरते अकरा परवाने आणखी घ्यायला सांगितले, दर महिन्याला यादी वाचायची लेखी हमी घेतली आणि एक दालचिनीचा पाव खाऊन गेल्या.

आजोबा आणि सोल्वाय सात महिने बसले. ती विचारायची, “आणि इथे काय?” आणि आजोबा म्हणायचे, “इथे काही नाही,” आणि मग अर्धा तास सांगायचे. एकूण दोनशे सहा नोंदी झाल्या. कोणाच्या दाराची घंटा वाजत नाही, कोण बुधवारी मुलाच्या आठवणीने रडते आणि त्या दिवशी दहा मिनिटे जास्त द्यायची, कोणाकडे कॉफीला नाही म्हणायचे नाही. दोन बहिणींची नोंद मात्र बदलावी लागली. त्या शुक्रवारनंतर धाकटीने चौकशी केली होती की मोज्यांची भेट पुन्हा एकत्र होईल का.

सात महिन्यांनी आजोबा स्वतः माझ्या खोलीत आले. मला त्यांनी कधी पाहिले नव्हते. पन्नासावर परवाने मी त्यांना दिले, पण समोरासमोर भेट ही पहिलीच.

“हा तो?” त्यांनी विचारले. “एवढासा?”

“एवढासाच,” गुनवोरबाई म्हणाल्या.

आजोबा वाकले आणि माझ्यावरचा मग उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी गुनवोरबाईंना सांगितले की आता सोल्वायला सगळे येते, माझे नाव काढून टाक. गुनवोरबाईंनी घाई नाही म्हणून पाहिले. दुसऱ्या कोणाला परवाना लागेल, असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी वाट पाहिली. कोणी आले नाही. आठ वाजून पाच मिनिटांनी पूल वर गेला तेव्हा आमची एकही गाडी त्याच्याजवळ नव्हती.

पुढे माझी पाळी आली. परवान्यांचे काम आता लांबच्या कुठल्याशा मोठ्या यंत्रांकडे गेले आहे. माझे पोट रिकामे करून मला तुमच्या शाळेला देऊन टाकले, आणि उद्या तुम्ही माझे झाकण उघडणार आहात असे ऐकतो. खुशाल उघडा. हळू उघडा, एवढीच विनंती, पत्र्याच्या कडा धारदार आहेत. आत तुम्हाला धूळ सापडेल, पंखे सापडतील, माणसे मात्र सापडणार नाहीत. ती मी फक्त नावांनी ओळखत होतो, आणि नावांवरून मला काहीच कळत नव्हते.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही हातात कुठलीतरी यादी येईल. ती दर महिन्याला वाचा. गेलेल्यांची नावे काढायलाच हवीत, त्यात दयामाया नको. पण नाव काढण्याआधी पाच मिनिटे उठा, त्या माणसाच्या दारावर जा आणि विचारा, “तू रोज काय करत होतास?”